कुरबुरीचा ठराव कसा होतो? – नळकोंडाळं, पार आणि ग्रामसभा



सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. ग्रामपंचायतीत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य असतात, मुदत ५ वर्षे. मुलं हे दोन दिवसांत पाठ करतात आणि गाळलेल्या जागा बरोबर भरतात. पण त्याच मुलांना विचारा, "तुमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा गेला तर कुणाला सांगाल?" एक म्हणतो सरपंचांना. दुसरी म्हणते, आमचे काका मेंबर आहेत त्यांना. आणि मागच्या बाकावरून हमखास येतं, "सांगून काय होतंय मॅडम?"

हे तिसरं उत्तर अकरा वर्षांच्या मुलाचं नाही. ते घरून येतं. दिवसभर मोठी माणसं हेच वाक्य बोलतात आणि मुलं ते ऐकतात. आजचा लेख या वाक्याबद्दल आहे. पाठ शिकवताना तुम्हाला उपयोग होईलच, पण मुख्य म्हणजे पालकांनी वाचावा म्हणून लिहिला आहे.

गाव काय बोलतं?

गावात लोक बोलत नाहीत असं कुणी म्हणत असेल तर त्यानं सकाळी सात वाजता डेअरीवर जाऊन उभं राहावं. लोक भरपूर बोलतात. प्रश्न असा आहे की ते बोलणं जातं कुठे.

पाठ सुरू करण्याआधी मी मुलांना आठवडाभराचा एक उद्योग दिला. पुस्तक मिटवा आणि गाव ऐका. नळकोंडाळं, पिठाची गिरणी, डेअरी, पार, स्टँडवरची टपरी, देवळाचा ओटा. मुलं तशीही या सगळ्या ठिकाणी असतातच, दळण ठेवायला, दूध घालायला. फक्त कान उघडे ठेवायचे आणि घरी येऊन वहीत लिहायचं. नियम एकच होता, कोण बोललं ते लिहायचं नाही, काय बोललं तेवढंच लिहायचं. हा नियम फार महत्त्वाचा आहे, नाहीतर दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात भांडण येतं.

वह्या वाचताना मला एक गोष्ट लगेच जाणवली. जागा बदलली की चिंता बदलते. नळावर पाण्याची वेळ. पाणी येतं, पण कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे कामावर जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. गिरणीवर पोरीच्या कॉलेजच्या वेळेला गाडी हवी ही इच्छा, आणि कोपऱ्यावरच्या दारूबद्दल हळू आवाजात बोलणं. पारावर डीपी जळल्याची, मोटारीच्या बिलाची, कांद्याच्या भावाची चर्चा. टपरीवर तरुण पोरं, त्यांच्या तोंडी भरती, परीक्षा आणि लग्न जमत नाही हे दुखणं (हो, मुलांनी हेही लिहून आणलं). देवळाच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना एकच चिंता, दवाखान्यात न्यायला घरात कुणी नसतं. एका मुलीनं लिहिलं होतं, "आईला नळाची चिंता, बाबांना मोटारीची चिंता, आजीला दोघांची चिंता." मी त्या वाक्याखाली लाल पेनाने काही लिहिलं नाही.

आता गंमत बघा. रस्ता आणि डीपी या पारावरच्या गोष्टी जवळपास सगळ्या वह्यांत होत्या. मुलींच्या शौचालयाची, नळाच्या वेळेची, दारूची गोष्ट फक्त मुलींच्या वह्यांत होती. गावाला विचारलं की "लोकांच्या समस्या काय?" तर जे उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा पाराचं उत्तर असतं. नळकोंडाळ्याला कुणी विचारत नाही. आणि जे कुणी विचारत नाही ते ग्रामपंचायतीच्या वहीत उतरत नाही.

कुरबूर, मागणी, विषय, ठराव

हे चार शब्द मी फळ्यावर एकाखाली एक लिहिले. मुलांना फरक कळावा म्हणून पाण्याचंच उदाहरण घेतलं.

"पाण्याचा काही नेम नाही बाई" ही कुरबूर. ती खरी असते, पण ती कुणालाच उद्देशून नसते. "आमच्या आळीला सकाळी सहा ते सात पाणी सोडा" ही मागणी. हिच्यात कुणाला, काय आणि कधी हे तिन्ही आहे. ही मागणी लेखी अर्जाने ग्रामपंचायतीत गेली आणि ग्रामसभेच्या नोटिशीत छापली गेली की तो विषय होतो. सभेत त्यावर बोलणं होऊन सूचक आणि अनुमोदक यांच्या नावानिशी वहीत लिहिलं गेलं की तो ठराव. ठरावाला क्रमांक असतो, तारीख असते. तो पुढे दाखवता येतो. कुरबूर कुणाला दाखवणार?

आपल्याकडे पहिल्या पायरीवर प्रचंड गर्दी आहे आणि दुसऱ्या पायरीवर शुकशुकाट. त्याचं कारण लोक आळशी आहेत असं मला वाटत नाही. कारण असं की दुसऱ्या पायरीवर नाव पुढे येतं. "अर्ज कुणी दिला?" हा प्रश्न गावात फार जड असतो. चुलत्याच्या विरोधात गेला, मेंबरच्या विरोधात गेला, असं लगेच होतं. म्हणून माझा पालकांना आग्रह असतो, अर्ज एकट्याने देऊ नका. आळीतल्या दहा-पंधरा जणांनी, त्यातही बायकांनी, एकत्र सह्या करून द्या. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारखेसह पोच घ्या. गाव करील ते राव काय करील असं आपण म्हणतो खरं, पण गावाने करायचं म्हणजे आधी दहा जणांनी कागदावर सही करायची.

आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपबद्दल एक शब्द. हल्ली गावाचा पार मोबाईलमध्येही आहे. गटारीचा फोटो पडतो, खाली अंगठे पडतात, दोघांची जुंपते, ॲडमिन ग्रुप बंद करतो. फोटो काढणं चांगलंच. पण तो फोटो अर्जाला जोडला तरच त्याचं काही होतं.

ग्रामसभा म्हणजे नेमकं काय?

इथे बऱ्याच पालकांचा, आणि खरं सांगायचं तर काही शिक्षकांचाही, घोटाळा असतो. ग्रामपंचायतीची मासिक सभा वेगळी, ती निवडून आलेल्या सदस्यांची. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची सभा. ग्रामसभेचा सदस्य निवडून यावा लागत नाही, तुमचं नाव यादीत आहे म्हणजे तुम्ही सदस्य आहात. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, ग्रामसभेला संविधानात जागा मिळाली. त्याच घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. पिण्याचं पाणी, रस्ते आणि पूल, प्राथमिक शिक्षण, वाचनालय, महिला आणि बालविकास, सगळं त्यात आहे.

महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा १९५८ चा. त्यानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा आपल्या ओळखीच्या आहेत, कारण झेंडावंदन किंवा जयंती झाली की आपल्याच शाळेच्या व्हरांड्यात सभा भरते.

गणपूर्ती, ज्याला गावात सरसकट कोरम म्हणतात, ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हे वाक्य तुम्ही गणिताच्या तासाला वापरा. ६०० मतदारांच्या गावाला किती माणसं लागतील? ९०. आणि २००० मतदारांच्या गावाला? मुलं पटकन ३०० म्हणतात, मग एखादी सावध मुलगी म्हणते, नाही, १००. किती मतदारांपासून पुढे १०० चाच नियम लागेल हेही काढायला लावा. शेकडेवारीला असं उदाहरण पुस्तकात सापडणार नाही.

पण कोरम झाला नाही तर? सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या सभेला आपण गेलो नाही म्हणून निर्णय थांबत नाहीत. ते पुढच्या वेळी मोजक्या माणसांत होतात. "आम्ही गेलोच नाही, मग ठरलं कसं?" असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आणखी एक तरतूद आहे, तिच्याबद्दल गावात फारच कमी बोललं जातं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे ठेवायचं असतं. नळकोंडाळ्यावरची चर्चा वहीत उतरायची वाट ती हीच. अनेक गावांत ही सभा होते का? रजिस्टरवर होते. अंगणवाडीत चार-सहा जणी बोलावतात, सह्या होतात, चहा होतो. मला याची चीड येते, कारण बायकांना बोलायचं नसतं असं अजिबात नाही. बचत गटाच्या बैठकीत याच बायका हिशेबावरून तास तासभर बोलतात.

विषयपत्रिकेचा शेवटचा विषय

ग्रामसभेची नोटीस कधी नीट वाचली आहे का? नसेल तर पुढच्या वेळी मोबाईलवर तिचा फोटो काढा आणि घरी निवांत वाचा. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी, अमुक योजनेचे लाभार्थी निवडणे, असं करत करत शेवटी एक ओळ असते, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय".

लोकांचे बहुतेक प्रश्न या ओळीत कोंबले जातात. तोवर दोन तास झालेले असतात, बायका स्वयंपाकाला गेलेल्या असतात, ग्रामसेवकांना (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) दुसऱ्या गावाला जायचं असतं. कुणीतरी उठून बोलतं, कुणीतरी "बघू, करून टाकू" म्हणतं, टाळ्या पडतात. इतिवृत्तात त्यातलं काय उतरलं हे कुणी बघत नाही.

आमच्या शाळेच्या बाबतीत हे अगदी जवळून पाहायला मिळालं. गावापासून थोडी लांब एक वस्ती आहे. मधे ओढा आहे. एरवी तो कोरडा असतो, मुलं उड्या मारत येतात. पण पावसाळ्यात वरच्या अंगाला पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही ओढ्याला पाणी येतं. सकाळी कोरडा ओलांडून आलेलं मूल संध्याकाळी पलीकडे जाऊ शकेल याची खात्री नसते. मग आया ठरवतात, आभाळ भरलं की पोरं घरीच. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

ओढ्याबद्दल वर्षानुवर्षं बोललं जात होतं. सभेत बोललंही गेलं होतं, आयत्या वेळच्या विषयात. जुनी इतिवृत्तं पाहिली तर त्यात ओढा हा शब्दच नव्हता. म्हणजे कागदाच्या दृष्टीने तो प्रश्न कधी निर्माणच झाला नव्हता.

मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वस्तीवरच्या एका आईने तो काढला. इथे थोडं थांबून सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्या कायद्याने या समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणं बंधनकारक आहे, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे. आपण ही समिती गणवेश आणि पोषण आहाराच्या सह्यांपुरती ठेवतो. तिच्यातून एखादा प्रश्न ग्रामसभेकडे लेखी पाठवता येतो हे आपल्याला सुचत नाही. समितीने पत्र तयार केलं. हजेरीपत्रकातून जून ते सप्टेंबर या महिन्यांतल्या वस्तीवरच्या मुलांच्या गैरहजेरीच्या तारखा काढून जोडल्या. त्या तारखा आणि पावसाचे दिवस समोरासमोर ठेवले. वेगळं काही लिहावंच लागलं नाही.

दुसरं काम वस्तीवरच्या आयांनी केलं. त्या महिला सभेला गेल्या. सगळ्या मिळून. "नुसत्या सह्या नकोत, आमचा विषय लिहा," एवढंच त्या म्हणाल्या. एक आजी म्हणाल्या, "मी काय शाळेत जाणार नाही आता, पण नातीला उचलून ओढा ओलांडायला माझ्या गुडघ्यात जोर नाही, हे लिवा." ते तसंच लिहिलं गेलं की नाही मला माहीत नाही, पण विषय लिहिला गेला आणि ग्रामसभेच्या नोटिशीत छापून आला, शेवटच्या ओळीच्या वर.

सभेत वाद झाला. काहींचं म्हणणं, वस्तीवर घरं किती? त्यापेक्षा देवळापुढे पेव्हर ब्लॉक टाका, ते सगळ्या गावाला दिसतील. हे म्हणणं वाईट माणसांचं नव्हतं, गर्दीचं होतं. जिथे लोक जास्त तिथे खर्च जास्त, असं साधं गणित. त्याला उत्तर गैरहजेरीच्या यादीने दिलं. शेवटी ठरलं ते असं. ग्रामपंचायतीने लगेच सिमेंटचे नळे टाकून वर मुरूम भरायचा, म्हणजे मध्यम पाण्यात तरी जाता येईल. आणि पक्क्या पुलासाठी ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे पाठवायची. नळे पडले. मोठ्या पाण्यात अजूनही वस्तीवरची मुलं घरीच राहतात. पुलाचा कागद वर गेला आहे.

कोण काय करू शकतं?

पुलाचं हे असं दोन भागांत का झालं, ते मुलांना समजावून सांगणं हाच पाठाचा खरा गाभा आहे असं मला वाटतं. कारण "सांगून काय होतंय" हे वाक्य पुष्कळदा चुकीच्या दारात उभं राहिल्यामुळे तयार होतं.

गावातले अंतर्गत रस्ते, गटारी, खांबावरचे दिवे, पिण्याचं पाणी, कचरा, स्मशानभूमी हे ग्रामपंचायतीच्या हातातलं आहे. इथे ठराव म्हणजे जवळपास निर्णयच. कॉलेजच्या वेळेची एसटी, शेतातला डीपी, दोन गावांना जोडणारा रस्ता, आरोग्य केंद्रातलं रिकामं पद हे ग्रामपंचायतीच्या हातात नाही. पण ग्रामसभा ठराव करून तो संबंधित कार्यालयाकडे पाठवू शकते, आणि एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा गावाच्या ठरावाला वजन असतं. कांद्याचा भाव मात्र ग्रामसभेच्या हातात नाही, तालुक्याच्याही नाही. मुलांना हे खोटं न बोलता सांगावं. सगळे प्रश्न गावात सुटत नाहीत, आणि न सुटणाऱ्या प्रश्नांच्या नावाने सुटणारे प्रश्नही सोडून देण्याची आपल्याला सवय लागली आहे.

पैशाचंही थोडं कळायला हवं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायची. ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. ती कशावर खर्च करायची हे दरवर्षीच्या विकास आराखड्यात ठरतं. "आमचं गाव, आमचा विकास" हे नाव तुम्ही भिंतीवर वाचलं असेल, ते या आराखड्याचं. आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. म्हणजे वर्षातून एक सभा अशी असते जिथे पुढच्या वर्षाचा पैसा कुठे जाणार हे ठरतं. त्या एका सभेला गेलं नाही तर उरलेलं वर्ष पारावर बोलण्यात जातं. आराखड्यात नसलेल्या कामाला पुढे पैसा मिळणं अवघड होऊन बसतं.

दारूचं एक वेगळं आहे. सरकारमान्य दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येतं, "उभी बाटली, आडवी बाटली" म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यासाठी २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी मागणी करावी लागते आणि बंद होण्यासाठी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. कोपऱ्यावरची चोरटी विक्री मात्र मतदानाचा विषयच नाही, ती पोलिसांची गोष्ट आहे.

यादीत कोण नाही?

वर म्हटलं की मतदार यादीत नाव म्हणजे ग्रामसभेचा सदस्य. आता आपल्यापैकी अनेक जण बीएलओचं काम करतात, त्यांनी आपल्या यादीकडे या नजरेनं पुन्हा बघावं. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांची नावं यादीत आहेत, ते दिवाळीला येतात. आणि लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कितीतरी वेळा अजून माहेरच्या यादीत आहे. ती रोज याच गावाचं पाणी भरते, तिचं मूल आपल्या वर्गात आहे, पण ग्रामसभेत ती मोजलीच जात नाही. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरायचा असतो, एवढंच काम आहे. पालकसभेत हा एक फॉर्म समजावून सांगितला तरी पुष्कळ होईल.

वीटभट्टीवरची, शेतावर सालाने राहणारी कुटुंबं आणखी अवघड जागी आहेत. त्यांची मुलं आपल्या पटावर असतात, पण आई-बापांची नावं दुसऱ्याच जिल्ह्यात. त्यांच्या पालावर दिवा नाही, हे बोलायला सभेत त्यांचं कुणी नाही. अशा वेळी शाळा व्यवस्थापन समितीने त्यांच्या मुलांच्या वतीने पत्र द्यावं असं माझं मत आहे. मूल आपलं आहे ना, मग प्रश्नही आपल्या समितीचा.

बोलण्याआधी अभ्यास

ग्रामसभेने खरंच काही होतं का, असं विचारणाऱ्या पालकांना मी दोन गावं सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवारांच्या नावाने ते ओळखलं जातं, पण मुलांना मी त्यातली एकच गोष्ट शिकवते, पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, प्यायला आणि जनावरांना किती लागेल ते बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. जास्त पाणी पिणारी पिकं नकोत, शेतीसाठी बोअर नको, हे निर्णय लोकांनी स्वतःवर घालून घेतले. स्वतःच्या शेतातल्या पिकाबद्दल गावाचं ऐकायचं ही लहान गोष्ट नाही.

दुसरं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). गोंड आदिवासींचं छोटं गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. सगळ्यांचं पटेपर्यंत पुन्हा पुन्हा बसायचं. आणि शिक्षक म्हणून मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिथला अभ्यास गट. एखादा विषय निर्णयाला घेण्याआधी ज्यांना त्यात रस आहे ते बसून तो समजून घेतात, कायदा वाचतात, बाहेरच्या जाणकाराला विचारतात. अभ्यास गट निर्णय घेत नाही, निर्णय ग्रामसभेचाच. पण सभेत बोलणाऱ्याला आपण काय बोलतोय ते माहीत असतं.

आपल्याकडे सभा तापते ती बहुतेक माहिती नसल्यामुळे. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, असं होतं. म्हणून वर्गात मी आता पाठानंतर बालसभा घेते, पण तिच्या आधी दोन दिवस अभ्यास गट. गेल्या वेळचा विषय होता मधल्या सुट्टीत मैदान कुणी वापरायचं. मोठी मुलं क्रिकेट खेळतात आणि मुलींना कडेला उभं राहावं लागतं, ही मुलींची कुरबूर. अभ्यास गटाने मैदान टेपने मोजलं, कुणाला किती मिनिटं मिळतात ते तीन दिवस लिहून काढलं. मग सभा. सूचक, अनुमोदक, चर्चा, इतिवृत्त. मुलांना सगळ्यात अवघड काय गेलं असेल? इतिवृत्त लिहिणं. जे बोललं गेलं तेच लिहायचं, आपल्याला आवडलं तेवढंच नाही. जिचा प्रस्ताव नामंजूर झाला तिचंही म्हणणं लिहायचं. भाषेच्या तासाला यापेक्षा चांगला लेखनाचा सराव मला तरी माहीत नाही.

हा उपक्रम करणार असाल तर काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. मुलांच्या वह्या गावात फिरू देऊ नका, वाचून झाल्या की परत द्या. निवडणुकीच्या दिवसांत हा पाठ घेऊ नका, पुढेमागे ढकला. सरपंचांना किंवा सदस्यांना वर्गात बोलवायचं असेल तर मुलांनी प्रश्न आधी लेखी तयार करावेत, आणि पाहुण्यांना ते आधी कळवावेत, म्हणजे त्यांनाही माहिती घेऊन येता येतं. आमच्याकडे आलेल्या एका सदस्यताईंनी मुलांना ठरावाचं रजिस्टर उघडून दाखवलं. मुलं त्यात आपापल्या आळीचं नाव शोधत बसली. ज्यांच्या आळीचं नाव सापडलं नाही त्यांनी घरी जाऊन काय विचारलं असेल, ते पुढच्या पालकसभेत कळलं. चार वडील आणि सात आया, "अर्ज कसा लिहायचा असतो?" म्हणून थांबल्या होत्या.

अर्जाचा नमुना मी सहावीच्या मुलांकडूनच लिहून घेतला आहे, औपचारिक पत्रलेखन म्हणून. प्रति, विषय, मागणी, कोणाला त्रास होतो, किती दिवसांपासून, जोडलेली कागदपत्रं, सह्या. नमुन्याची झेरॉक्स शाळेत ठेवली आहे आणि ती दळणाच्या डब्याबरोबर गिरणीवरही पोहोचली आहे. पुढच्या सभेची नोटीस लागली की तिचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायची जबाबदारी या वर्षी सातवीच्या दोन मुलींनी घेतली आहे.